एका ठोक्याची गोष्ट: लिन मशीनपासून खासबागच्या हलगीपर्यंत

आज आधी एक काम करा. हेडफोन असतील तर लावा. फोनच्या स्पीकरवर आजच्या एपिसोडची निम्मी मजा जाईल.

(इथे ड्रमचे दोन ठोके ऐकू येतात.)

ऐकलंत? दोन्ही स्नेअर ड्रमचे ठोके. पहिला मी माझ्या मित्राच्या ड्रमवर काल संध्याकाळी रेकॉर्ड केला. दुसरा माझ्या लॅपटॉपमधल्या एका फोल्डरमधून आलाय. साठच्या दशकातला अमेरिकन ड्रम, तो कुणीतरी परदेशातल्या स्टुडिओत वाजवला, त्याची फाईल केली आणि विकायला ठेवली. मी कोल्हापुरात बसून ती डाउनलोड केली. ज्याने तो ठोका मारला, त्याचं नाव मला माहीत नाही. फोल्डरमध्ये ड्रमच्या कंपनीचं नाव आहे, माइकचं नाव आहे, स्टुडिओचं नाव आहे. वाजवणाऱ्याचं नाही.

आजचा एपिसोड त्या न लिहिलेल्या नावाबद्दल आहे. सुरुवात अमेरिकेत होईल, शेवट इथं खासबागेत.

आधी तांत्रिक भाग उरकून घेऊ, कारण मी पडलो इंजिनिअर, ते सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. आज तुम्ही ऐकता त्या बऱ्याच गाण्यांत ड्रम वाजवणारा माणूस त्या गाण्यासाठी स्टुडिओत आलेलाच नसतो. त्याचा एक-एक ठोका आधीच रेकॉर्ड केलेला असतो. त्याला म्हणायचं सॅम्पल. कीबोर्डचं एक बटण दाबलं की कॉम्प्युटर ती फाईल वाजवतो. इतकं सोपं.

पण इतकं सोपं ठेवलं तर कानाला लगेच कळतं. माणूस कधीच दोन ठोके सारखे मारत नाही. कॉम्प्युटर मात्र एकच फाईल दहा वेळा वाजवतो आणि ते मशीनगनसारखं ऐकू येतं. म्हणून चांगल्या ड्रम सॉफ्टवेअरमध्ये एकाच स्नेअरच्या शेकडो फाईली असतात. हळू मारलेला, मध्यम, जोरात. बटण किती जोरात दाबलं याचा आकडा १ ते १२७ मध्ये येतो आणि त्यानुसार फाईल निवडली जाते. शिवाय प्रत्येक जोराचे पाच-सहा वेगवेगळे ठोके ठेवतात आणि ते आलटून पालटून वाजवतात. त्यावर जवळचा माइक वेगळा, डोक्यावरचा वेगळा आणि खोलीच्या कोपऱ्यातला वेगळा. तो कोपऱ्यातला माइक लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता इतिहास.

ठोका साठवून ठेवायची कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हॅरी चेंबरलिन नावाच्या माणसाने टेपच्या गोल पट्ट्यांवर ड्रमचं वादन रेकॉर्ड करून ते घरी ऑर्गनसोबत वाजवता येईल असं यंत्र केलं. खरी उडी मात्र १९८० मध्ये लागली. रॉजर लिन हा गिटार वाजवणारा गडी. त्याला स्वतःच्या गाण्यांसाठी ड्रमर हवा होता आणि त्या काळच्या रिदम मशीनचा आवाज त्याला पत्र्याच्या डब्यासारखा वाटायचा. त्याने खऱ्या ड्रमचे ठोके मेमरी चिपवर साठवले. मशीनचं नाव एलएम-१. किंमत साधारण पाच हजार डॉलर. सगळी मिळून पाचशेच्या थोडी वर मशीनं बनली, पण त्या पाचशेंनी ऐंशीच्या दशकातल्या पॉप संगीताचा आवाज ठरवला. प्रिन्सच्या त्या काळातल्या रेकॉर्डवर हेच मशीन वाजतं.

एलएम-१ मध्ये बारा आवाज होते. बास ड्रम, स्नेअर, हाय-हॅट, टॉम, काँगा, टाळ्यासुद्धा. पण क्रॅश, म्हणजे ती मोठी झांज, नव्हती. का? ती वाजल्यावर कितीतरी सेकंद घुमत राहते. आणि सेकंद महाग होते. हिशोब करून बघा. त्या मशीनचा आवाज ८ बिटचा आणि साधारण २८ किलोहर्ट्झचा. म्हणजे एका सेकंदाला २८,००० बाइट. आज तुमच्या १२८ जीबीच्या फोनमध्ये असा आवाज सलग जवळजवळ ५३ दिवस मावेल. तेव्हा झांजेचे तीन-चार सेकंद परवडत नव्हते! दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, लिनड्रम हे पुढचं मशीन आलं, तेव्हा चिप स्वस्त झाल्या होत्या आणि झांज आत आली.

त्या एलएम-१ मधले ठोके कुणी मारले होते माहितेय? आर्ट वुड नावाच्या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ ड्रमरने. हे नाव आज गॅझेटवेड्यांना माहीत आहे. पण ज्या गाण्यांत ते ठोके वाजले, त्यांच्या कव्हरवर ते बहुतेक कुठेच नाही. तिथं मशीनचं नाव असतं.

त्याच १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ काढलं. यात सॅम्पल नव्हतेच. सगळे आवाज सर्किटमधून तयार व्हायचे. लोक म्हणाले, हा कसला ड्रम, हा तर खेळण्यासारखा वाजतो. १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं. जुनी मशीनं स्वस्तात विकली जाऊ लागली आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा पोरांच्या हातात पडली. हिप-हॉप आणि टेक्नोचा मोठा भाग त्या स्वस्त मशीनवर उभा आहे. आणि आता गंमत बघा, ज्या आवाजाला खोटा म्हणून हिणवलं, तोच आज 'व्हिंटेज' म्हणून सॅम्पल करून विकला जातो.

आपल्याकडेही ते मशीन आलं होतं. मुंबईचे चरणजीत सिंग हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणारे कलाकार. त्यांनी १९८२ मध्ये ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या तालावर बसवले आणि रेकॉर्ड काढली. फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक चाट पडले, कारण ज्या आवाजातून पुढे शिकागोत अ‍ॅसिड हाऊस हा प्रकार जन्मला, तो आवाज हा माणूस मुंबईत काही वर्षं आधीच वाजवून बसला होता. २०१५ मध्ये ते गेले. निदान जाण्याआधी त्यांना त्यांचं श्रेय थोडं तरी मिळालं.

सगळ्यांना मिळत नाही. ग्रेगरी कोलमन हे नाव ऐकलंय? द विन्स्टन्स या बँडचा ड्रमर. १९६९ मध्ये त्यांच्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचं गाणं होतं. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि कोलमन चार आवर्तनं एकटा वाजवतो. सहा-सात सेकंद. बास. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर आले आणि त्या सहा-सात सेकंदांवर पोरं तुटून पडली. १९८७ मध्ये आलेला एसपी-१२०० हा सॅम्पलर घ्या. त्यात एकूण जागा साधारण दहा सेकंदांची. ती वाचवायला लोक ३३ च्या स्पीडची रेकॉर्ड ४५ वर फिरवून पळवत रेकॉर्ड करायचे आणि मशीनमध्ये परत हळू करायचे. त्यातून जो खरखरीत आवाज यायचा, त्याच्याच आज आपण प्रेमात आहोत. कोलमनचे ते ठोके हजारो गाण्यांत वाजले. जंगल, ड्रम अँड बेस हे अख्खे प्रकार त्यावर उभे राहिले.

कोलमनला त्याचा एक रुपया मिळाला नाही. २००६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढली आणि सुमारे २४,००० पौंड बँडच्या प्रमुखाला, रिचर्ड स्पेन्सरला दिले. कोलमन तोवर नव्हता.

हे असं का होतं? कारण गाण्याच्या हक्कांची जुनी रचना धून आणि शब्द यांच्यासाठी बनलेली आहे. धून लिहिणाऱ्याला हक्क, शब्द लिहिणाऱ्याला हक्क, रेकॉर्डिंगवर पैसे लावणाऱ्याला हक्क. ठोका मारणारा यात बसत नाही. त्याने त्या दिवसाची मजुरी घेतली, विषय संपला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये बदल झाला. वादनाचा व्यावसायिक वापर झाला तर वादकाला रॉयल्टीचा हक्क आणि वादक म्हणून आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी कायद्यात आल्या. कागदावर आहे हे. पण 'लोकवाद्ये' नावाच्या फोल्डरमधली तेरा नंबरची फाईल कुणाची, हे कोण सिद्ध करणार?

आपल्याकडे एका तालाला माणसाचं नाव मिळाल्याचं उदाहरण आहे. गोव्यातून आलेले दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशन यांच्याकडे तालाची बाजू सांभाळायचे. ढोलकवरचा त्यांचा एक ठेका इतका त्यांचा होता की मुंबईच्या स्टुडिओंत त्याला 'दत्तू ठेका' असंच म्हणायचे. वादक बदलला तरी 'दत्तू ठेका लाव' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. हा मान पैशांत मोजता येत नाही, पण नाव राहिलं. त्याच स्टुडिओंत कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी आणि बुजी, हे पारशी कुटुंब परदेशी तालवाद्यं वाजवायचं. केर्सी लॉर्ड यांनी तर सत्तरच्या दशकात सिंथेसायझरही स्टुडिओत आणला. वाद्य आलं ते माणसासोबत आलं. माणूस आजारी पडला तर रेकॉर्डिंग पुढे ढकलावं लागायचं.

मग आला ऑक्टोपॅड. तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर याची ओळख करून द्यायची गरज नाही. १९८५ मध्ये रोलँडने पॅड-८ काढला. आठ रबरी चौकोन असलेली पेटी. त्यात स्वतःचा आवाज नव्हता, तो दुसऱ्या मशीनला जोडायचा. नंतरच्या मॉडेलमध्ये शेकडो आवाज आतच भरून आले. जगात इतरत्र ड्रमर लोकांनी तो ड्रमच्या बाजूला जोड म्हणून ठेवला. आपल्याकडे तो मधोमध आला. ऑर्केस्ट्रा असो, भजन असो, बेंजो असो, लग्नाची वरात असो, 'पॅडवाला' लागतोच. तबला, ढोलकी, काँगा, झांज, संबळ, सगळं दोन काठ्यांवर. पॅडवाला हा स्वतः कमालीचा कलाकार असतो, याबद्दल वाद नाही. पण ज्या स्टेजवर पाच माणसं बसायची तिथं आता एक बसतो, हेही खरं आहे.

आता घरी येऊ.

आवाज पकडण्याच्या कामात कोल्हापूर नवखं नाही. १ जून १९२९ रोजी इथं प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि १९३२ मध्ये तिने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आणला. पहिला मराठी बोलपट आपल्या गावात तयार झाला, मंडळी. जगात भारी! त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे यांनीच संगीत दिलं होतं. विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रण सांभाळत. पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गायचा आणि साथीदार कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे जवळच बसून त्याच वेळी वाजवायचे. तबलजीचा एक ठोका चुकला तर अख्खा शॉट पुन्हा. म्हणजे त्या चित्रपटातला प्रत्येक ठोका त्याच गाण्यासाठी, त्याच क्षणी मारलेला आहे. मी हा चित्रपट सॅम्पल शोधायच्या नादात पाहायला बसलो आणि दहा मिनिटांत ते शोधायचं विसरून गेलो.

त्याच्याही आधी, १९१२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहून ही कल्पना त्यांच्या मनात आली असं सांगतात. मध्ये आखाडा, भोवती गोल चढत जाणारी बैठक. लांबच्या माणसालाही कुस्ती दिसावी म्हणून. आणि दिसण्याच्या आधी ऐकू येते ती हलगी.

ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलगी म्हणजे हातभर गोल कडं, एका बाजूने कातडं ताणलेलं. गळ्यात किंवा खांद्याला अडकवायची. उजव्या हातात आखूड जाड काठी, डाव्या हातात लांब पातळ काडी. जाड काठी ठोका देते, पातळ काडी मधल्या जागा भरते. सोबतीला घुमकं आणि कैताळ. मैदानात पैलवान सलामीला आले की हलगी संथ असते. पकडी सुरू झाल्या की ती सरकते. आणि कुणी डावावर आला की हलगीवाल्याला ते प्रेक्षकांच्या आधी कळतं. तो कडकडाट सुरू करतो आणि लोक उठून उभे राहतात. बऱ्याचदा मला वाटतं, लोक डाव बघून उठत नाहीत, हलगी ऐकून उठतात.

मग मी, सॉफ्टवेअरवाला, काय करणार? मला वाटलं, हलगीचं सॅम्पल पॅक करू. बाजारातल्या 'इंडियन पर्कशन' पॅकमध्ये मला जी हलगी सापडली, ती डफ होती, आणि तीही पावसाळ्यात भिजलेली. आपण खरी करू. पुढच्या पोरांना उपयोगी पडेल.

ओळखीतून एक हलगीवाले मामा भेटले. वय सत्तरीच्या आसपास. त्यांचं नाव इथं सांगत नाही, कारण ते त्यांनीच ठरवायचंय. एका रविवारी मित्राच्या रिकाम्या खोलीत गाद्या लावल्या, चार माइक मांडले. मामांनी आधी कागद पेटवून हलगी शेकली. कातडं तापलं की ताणतं आणि आवाज चढतो. शेकल्यावर पहिला ठोका दिला आणि माझ्या मीटरचे लाल दिवे पेटले.

मी म्हटलं, "मामा, फक्त एक ठोका मारा आणि थांबा."

त्यांनी मारला. थांबले. माझ्याकडे बघत राहिले. "पुढं?"

"पुढं काही नाही. परत तसाच एक."

"तसाच कसा येईल?"

मी माझा हिशोब मांडला होता. चार प्रकारचे ठोके, पाच जोर, प्रत्येकी सहा वेळा, म्हणजे १२० फाईली. चाळीसाव्या ठोक्यापर्यंत हलगी गार होऊन उतरली होती. पुन्हा शेकली, तर आता आधीच्या चाळीसांशी सूर जुळेना. आणि सुटे ठोके ऐकले तर त्यात जीवच नव्हता. मग मी म्हटलं, तुम्ही वाजवा मनासारखं, मी नंतर कापतो. मामा वीस मिनिटं वाजवत होते. समोर पैलवान असल्यासारखी त्यांची नजर फरशीवर एका जागी होती.

मला तेव्हा कळलं की पातळ काडीचा आवाज वेगळा कापताच येत नाही. तो आधीच्या ठोक्याच्या शेपटीला धरून येतो. ड्रम किटमध्ये प्रत्येक ड्रम वेगळा असतो, म्हणून त्याच्या फाईली करता येतात. हलगीत एकच कातडं आणि त्यावर दोन हातांचं बोलणं चाललेलं. मी त्यातले शब्द कापून डब्यात भरत होतो.

चहा पिताना मामांनी विचारलं, "ह्याचं आता काय करणार?"

मी समजावून सांगितलं. लोक डाउनलोड करतील, त्यांच्या गाण्यात वापरतील, पॅडवर भरतील.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पॅडवर माझीच हलगी वाजाय लागली, तर मला सुपारी कोण देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगायला बरंच होतं. जतन, संस्कृती, पुढची पिढी. पण एकही शब्द तोंडातून निघेना, कारण मी नुकताच कोलमनबद्दल वाचलेलं होतं.

आणि त्याच्या मागे आणखी एक जुना हिशोब आहे, तो बोलल्याशिवाय हा इतिहास अर्धा राहील. हलगी वाजवणं हे गावगाड्यात कुणी हौसेने घेतलेलं काम नव्हतं. ते मातंग आणि महार समाजावर टाकलेलं होतं. देवाचं असो, लग्नाचं असो, मयताचं असो किंवा दवंडी असो, बोलावलं की जायचं. मोबदला म्हणून सुगीला धान्य, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. वाद्य सगळ्यांच्या दारात, वादक मात्र दाराबाहेर. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१८ मध्ये महार वतनं रद्द केली. पुढे आंबेडकरी चळवळीत अनेक कुटुंबांनी असली कामं ठरवून सोडली. हलगी खाली ठेवणं हा त्यांच्यासाठी ऱ्हास नव्हता, ती सुटका होती. ज्यांनी ती पुन्हा उचलली, त्यांनी कलाकार म्हणून उचलली. सुपारी ठरवून, दर सांगून.

आता विचार करा. शंभर वर्षांपूर्वी गाव म्हणायचं, हा आवाज आमच्या हक्काचा आहे, वाजव. आज मी लॅपटॉप घेऊन येतो आणि म्हणतो, हा आवाज सगळ्यांचा वारसा आहे, फुकट डाउनलोड करा. मामांच्या बाजूने बघितलं तर यात फरक किती? माझा हेतू चांगला आहे, एवढाच. आणि चांगल्या हेतूने घर चालत नाही.

मग काहीच रेकॉर्ड करायचं नाही का? तसंही मला म्हणता येत नाही, आणि त्याचं कारण ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आहे.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. महाराजांनीच बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ सालचं. त्या रात्री ते जळालं. संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आम्ही सगळे फोनवर व्हिडिओ बघत होतो आणि कुणाला काही बोलवत नव्हतं.

आठवतंय, सुरुवातीला मी तुम्हाला कोपऱ्यातला माइक लक्षात ठेवायला सांगितलं होतं? जुन्या ड्रमच्या महागड्या सॅम्पलमध्ये निम्मी किंमत ड्रमची नसते, खोलीची असते. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या जर्मन कंपनीने जुने ड्रम लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत नेऊन रेकॉर्ड केले, ते त्या खोलीसाठी. ठोका भिंतीवर आपटून परत येतो, त्यात लाकूड, उंची, पडदे, सगळं असतं. खोलीचा हा आवाज पकडायला मोठं यंत्र लागत नाही. एक कडक टाळी पुरते. टाळी वाजवायची, घुमणं थांबेपर्यंत रेकॉर्ड करायचं. त्या फाईलमधून सॉफ्टवेअर त्या जागेचं घुमणं बरंचसं परत तयार करतं. मग कुठलाही आवाज त्या खोलीत वाजवल्यासारखा ऐकता येतो.

मी त्या नाट्यगृहात लहानपणापासून नाटकं पाहिली. शेकडो टाळ्या वाजवल्या असतील. खिशात दर वेळी फोन होता. एकही टाळी रेकॉर्ड केली नाही. ज्या माणसाला हे तंत्र माहीत होतं, त्याने केली नाही. इमारत पुन्हा उभी करता येते. जुन्या लाकडात घुमलेला तो आवाज तसाच येईल का, याचा मला भरवसा नाही.

म्हणून मामांकडे परत गेलो. या वेळी माइक न घेता. आम्ही एक कागद केला, साध्या मराठीत. प्रत्येक फाईलच्या नावात त्यांचं नाव राहील. विक्री झाली तर निम्मे त्यांचे. आणि ते हयात असेपर्यंत पॅक त्यांना विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. हा कागद कोर्टात किती टिकेल, सांगता येत नाही. एकदा फाईल बाहेर गेली की तिच्यामागे धावायला माझ्याकडेही ताकद नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी सही करायच्या आधी एकच अट घातली.

"डॉल्बीत नको वाजाय."

बाहेरच्या मंडळींसाठी, आमच्याकडे मिरवणुकीत स्पीकरची जी भिंत असते तिला कंपनी कुठलीही असो, डॉल्बीच म्हणतात. मी म्हटलं, मामा, ते माझ्या हातात नाही. ते हसले. म्हणाले, "मग निदान मोठ्यानं तरी वाजू दे."

पॅक अजून माझ्या लॅपटॉपवरच आहे. ती वीस मिनिटं मी कापली नाहीत, अख्खी ठेवली आहेत. दुसरी प्रत मामांच्या नातवाच्या फोनमध्ये आहे. मामा सुपाऱ्या घेतात अजून. परवा विचारलं तर म्हणाले, सांगू की, घाई काय हाय.

तर मंडळी, आज जाता जाता दोन कामं. पहिलं, तुम्ही गाणी करत असाल आणि कुठलं लोकवाद्याचं सॅम्पल वापरलं असेल, तर ते कुणी वाजवलंय हे एकदा शोधून बघा. सापडलं तर गाण्याखाली नाव लिहा. नाही सापडलं तर तेही लिहा की वादकाचं नाव मिळालं नाही. दुसरं काम त्याहून सोपं. तुमच्या गावात एखादं जुनं नाट्यगृह असेल, वाड्याचा चौक असेल, देवळाचा सभामंडप असेल. गर्दी नसताना जा. फोन फ्लाइट मोडवर टाका, रेकॉर्डर सुरू करा, फोन दहा पावलांवर ठेवा आणि एक टाळी वाजवा. घुमणं पूर्ण थांबेपर्यंत हलू नका. फाईलच्या नावात जागा आणि तारीख लिहा.

मी खासबागेतली केली आहे. रिकाम्या मैदानात, सकाळी साडेसहाला. एपिसोड तिच्यावरच संपवतो. पुढच्या वेळी भेटू, तोवर सांभाळून राहा.

(इथे एक टाळी ऐकू येते. मग लांबून कावळा.)